बाबा, इथली बँक माझे पैसे ठेवून घ्यायला कर्जाचा इतिहास मागते

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल फोनला रेंज नव्हती, बोलणं अर्धंच झालं, आणि आईच्या आवाजावरून कळलं की तिला वाटतंय मी इथे ब्रिटनमध्ये काहीतरी भानगड केली म्हणून बँकेने खातं नाकारलं. म्हणून आज सुट्टी आहे तर सगळं लिहूनच काढते. बाबा, सावकाश वाचा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मावशीने विचारलं तर तिलाही हेच सांगा. माझ्या नावावर एक रुपयाचं कर्ज नाही, कुणाचं देणं नाही, एक बिल थकलेलं नाही. आणि मला जेवढं समजलंय त्यावरून खातं नाकारलं ते त्याचमुळे, की माझ्या नावावर इथे कधी कर्ज नव्हतंच.

पगाराचं खातं आहे माझं, ते आल्या आल्या हॉस्पिटलच्या पत्रावर उघडलं होतं. पगार त्यात येतो, भाडं त्यातून जातं, तिथे काही अडचण नाही. पण त्यात व्याज शून्य. तुम्हीच म्हणालात ना की पैसे नुसते पडून ठेवू नको, म्हणून मी चौकशी केली. इथे रेग्युलर सेव्हर म्हणून प्रकार असतो, आपल्या आरडीसारखाच, दर महिन्याला दोनशे-तीनशे पौंडांपर्यंत टाकायचे, वर्षभर, आणि व्याज साध्या सेव्हिंगपेक्षा बरंच जास्त. पुढे मला कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचाय, त्याची नुसती फी तीन हजार पौंडांच्या आसपास आहे, त्यासाठी हे पैसे बाजूला पडावेत असं मनात होतं. पण बऱ्याच बँका हे खातं फक्त त्यांच्याकडे करंट अकाउंट असेल त्यालाच देतात (इथे करंट अकाउंट म्हणजे व्यापाऱ्यांचं नाही, रोजच्या वापराचं साधं खातं), आणि त्या करंट अकाउंटला बहुतेक वेळा ओव्हरड्राफ्ट जोडलेला असतो, म्हणजे खात्यात नसलेले पैसे काढायची मुभा, म्हणजे कर्जच झालं ते, आणि कर्ज आलं की क्रेडिट चेक आला, म्हणजे आधीच्या उधारीची तपासणी. मी ओव्हरड्राफ्ट नको म्हणून टिक केलेलं, तरी चेक झाला.

मोबाईलवर सगळं भरलं, पासपोर्टचा फोटो, माझा सेल्फी, पगार किती, भाडं किती, घरात माणसं किती. शेवटचं बटण दाबलं आणि मिनिटभरात उत्तर आलं की आम्ही सध्या तुम्हाला खातं देऊ शकत नाही. कारण काहीच नाही. फोन केला, बराच वेळ ती ट्यून ऐकत बसले, मग एक बाई आल्या, बोलायला खरंच चांगल्या होत्या, पण त्यांचं म्हणणं कारण आम्हालाही दिसत नाही, सिस्टीमने ठरवलंय, तुम्ही क्रेडिट एजन्सीकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे विचारा. इथे तीन मोठ्या एजन्सी आहेत, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन. ट्रान्सयुनियन म्हणजे तीच जिचं नाव आता आपल्या सिबिलच्या आधी लागतं. पण तिकडची नोंद इकडे येत नाही, विमानातून उतरलं की माणूस पुन्हा कोरा. कायद्याने आपला रिपोर्ट तिघींकडून फुकट बघता येतो, तो मी मागवला.

रिपोर्ट जवळजवळ रिकामा होता. आणि जे होतं ते दोन माणसांचं वाटावं असं. पासपोर्टवर माझं नाव, मग बाबांचं नाव, मग आडनाव, आणि हॉस्पिटलच्या पगारपत्रकावर नुसतं माझं नाव आणि आडनाव, कारण त्यांच्या फॉर्मला मधलं नाव सोडून द्यायची सवय. पत्त्याचं तसंच. घरमालकाचा एजंट लिहितो १४ बी, पोस्टाच्या यादीत आहे फ्लॅट २, १४. घर एकच, दार एकच, पण कॉम्प्युटर दोन्ही जुळवून बघतो आणि जुळत नाही म्हणतो. लाईट, पाणी, गॅस सगळं भाड्यातच धरलेलं असल्यामुळे एकही बिल माझ्या नावावर येत नाही. भाडं मी एक तारखेला देते, एकदाही चुकलेलं नाही, पण भाड्याची नोंद आपोआप क्रेडिट रिपोर्टात जातच नाही, त्यासाठी वेगळी योजना घ्यावी लागते. कुणी क्रेडिट कार्डावर उधारीने टीव्ही घेतला आणि हप्ते फेडले तर त्याचं नाव चांगलं, आणि माझं भाडं कुठे मोजलं जात नाही!

मला राग कशाचा आलाय तर त्या रिपोर्टात एक गोष्ट मात्र व्यवस्थित होती, त्या बँकेने माझी फाईल बघितल्याची नोंद. याला हार्ड सर्च म्हणतात. दुसरा एक सॉफ्ट सर्च असतो, तो फक्त आपल्यालाच दिसतो, त्याने काही बिघडत नाही, आणि नुसतं सेव्हिंग खातं काढताना बऱ्याच बँका ओळख पटवायला तेवढाच करतात. हार्ड सर्च इतर बँकांनाही दिसतो आणि साधारण वर्षभर राहतो. आता मी दुसऱ्या बँकेत गेले तर तिथे अजून एक, तिसरीकडे अजून एक, आणि असे थोड्या दिवसांत जास्त झाले की बघणाऱ्याला वाटतं ही बाई पैशासाठी दारोदार फिरतेय. पैसे मागायला नाही हो, पैसे द्यायला फिरतेय! आणि अर्जात हे कुठे होतं तर लांबलचक अटींमध्ये आत, एका वाक्यात. वर मोठ्या अक्षरात नुसतं व्याज लिहिलेलं.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं पिग्मी गोळा केलीत, आधी सायकलवर मग लुनावर, दाभोली नाक्यापासून मासळी बाजारापर्यंत. सुट्टीत मी मागे बसून यायचे. मला ते कार्ड आठवतं, त्यावर तुम्ही दहा रुपये लिहून बाजूला सही करायचात, आणि मासळीवाल्या बायका ओल्या हाताने नोट द्यायच्या ती तुम्ही बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचात, बाकीच्या नोटा भिजू नयेत म्हणून. एखादी म्हणायची "आज मासळी गावाक नाय, उद्या दोन दिवसांचे घेवा", आणि तुम्ही बरं म्हणून पुढे जायचात. त्यातल्या एकीला तरी तुम्ही विचारलंत का की बाय तू आधी कर्ज घेतलंयस का, फेडलंयस का, मगच तुझे दहा रुपये घेतो? १९२८ साली सिंडिकेट बँकेने उडुपीला पिग्मी सुरू केली तेव्हा रोजचे दोन आणे घ्यायला माणूस दारात जायचा, हे तुम्हीच मला सांगितलेलं. बचत करणाऱ्याकडे बँकेने जायचं असतं असं मी तुमच्याकडे बघून शिकले आणि इथे मी स्वतः पैसे घेऊन उभी आहे तर दार उघडत नाहीत.

ओळख तपासू नका असं मी म्हणतच नाही, उलट तपासलीच पाहिजे. चोरीचा, अफरातफरीचा पैसा बँकेतून फिरू नये म्हणून इथे कायदा आहे, २०१७ चे नियम आहेत, आपल्याकडे केवायसी असतं तसंच. पासपोर्ट बघा, व्हिसा बघा, हॉस्पिटलला फोन करून विचारा, मी कुठे पळून चाललेय. पण ओळख वेगळी आणि उधारीचा इतिहास वेगळा. मी कर्ज मागितलं तर जरूर बघा मी फेडणार की नाही. ठेव ठेवताना जोखीम कुणाची असते, ठेवणाऱ्याचीच ना? आपल्याकडे तरी सेव्हिंग खात्याला आधार-पॅन बघतात, सिबिल काढत बसत नाहीत, ते कर्जाच्या वेळेला.

माझ्याबरोबर काम करणारी एक केरळची मुलगी आहे, तिचा नवरा डिपेंडंट व्हिसावर आलाय, त्याचं तर माझ्याहून वाईट. भाडेकरार बायकोच्या नावावर, नोकरी अजून नाही, म्हणून खातं नाही, आणि खातं नाही तर पगार कुठे घेणार म्हणून नोकरीवाले विचारतात. इथल्या ठरावीक मोठ्या बँकांना कायद्याने बेसिक खातं द्यावं लागतं, ओव्हरड्राफ्ट नसलेलं, महिन्याची फी नसलेलं, पण शाखेत त्याला ते कुणी सांगितलंच नाही, मी वाचून त्याला सांगितलं. तो इंजिनियर माणूस, बायकोकडे बसच्या भाड्याला पैसे मागताना त्याचा चेहरा मी बघितलाय. असले लोक खूप आहेत हो इथे, फक्त बोलत नाहीत.

कामावर सगळे सांगतात एक क्रेडिट कार्ड घे, नवीन माणसांसाठी वेगळी कार्डं मिळतात, थोडं थोडं वापर आणि पूर्ण फेड, वर्षभरात नाव चांगलं होईल. त्या कार्डांचं व्याज वर्षाला तीस टक्क्यांच्या वर असतं. वेळेवर फेडलं तर लागत नाही, ते मला कळतं. पण बचत करता यावी म्हणून आधी उधारी करायची हे मला पटत नाही आणि मी कार्ड घेतलेलं नाही. बाबांनी घराच्या कौलांसाठीसुद्धा कर्ज न काढता दोन पावसाळे ताडपत्री टाकून काढले आणि पैसे साठल्यावर कौलं घातली, त्या घरातली मी.

त्याऐवजी दोन-तीन कामं केलीत. हॉस्पिटलमध्ये एचआरला मधलं नाव घालायला लावलं. पत्ता सगळीकडे फ्लॅट २, १४ असाच करून घेतला, एजंटच्या मागे लागून लागून. आणि हे ऐकून बाबा खूश होतील, मतदार यादीत नाव घातलं! भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे आपल्याला इथे राहत असताना मत देता येतं, अगदी त्यांच्या पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा, आणि मतदार यादी एजन्सी बघतात त्यामुळे पत्ता पक्का होतो. हे मला इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगायला हवं होतं, आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगते.

बँकेकडे लेखी तक्रारही केलीय. खातं द्या म्हणून नाही, हार्ड सर्च करणार असाल तर ते व्याजाच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा, आणि नाकारलंत तर कारण सांगा, एवढंच. त्यांना उत्तराला आठ आठवडे असतात, नाहीतर पुढे ओम्बुड्समनकडे, म्हणजे बँकेबाहेरच्या तक्रार निवारकाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. मी जाणार.

आणि पैसे सध्या कुठे ठेवतेय तर क्रेडिट युनियनमध्ये. म्हणजे आपली पगारदारांची पतसंस्थाच, सभासदांची, इथे राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्यांची. हॉस्पिटलच्या पगारातूनच दर महिन्याला कापून जातात, मला हात लावावा लागत नाही. आत जाताना त्यांनी फक्त ओळख बघितली. व्याज ठरलेलं नाही, वर्षाच्या शेवटी डिव्हिडंड देतात, तो त्या रेग्युलर सेव्हरएवढा नसणार. बाबा तुम्हाला लगेच बुडालेल्या पतसंस्था आठवतील, तुम्ही लोकांचे रडवेले चेहरे बघितलेत, म्हणून सांगते, आपल्याकडे पतसंस्थेच्या ठेवींना डीआयसीजीसीचं (बँक ठेवींच्या विम्याचं) संरक्षण नाही, पण इथे क्रेडिट युनियनलासुद्धा बँकेएवढंच आहे, १ डिसेंबर २०२५ पासून ती मर्यादा ८५ हजारांवरून १ लाख २० हजार पौंड झाली. माझे पैसे त्याच्या कितीतरी आत आहेत, काळजी नको.

आता तुमच्याकडे एक काम. आपल्या बाजारातल्या शाखेत माझं जुनं सेव्हिंग खातं आहे ते आता एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्यायला हवं, परदेशात राहायला आलं की ते तसंच ठेवता येत नाही. त्यांनाही माझा इथला पत्ता पुराव्यासकट लागणार. माझ्याकडे बिल नाही, पण क्रेडिट युनियनचं स्टेटमेंट आहे आणि कौन्सिलचं मतदार नोंदणीचं पत्र आहे, दोन्हीवर नाव तिन्ही शब्दांत आणि पत्ता बरोबर. यातलं कुठलं चालेल, आणि त्यावर इथल्या आपल्या हायकमिशनचा शिक्का लागेल का, एवढं शाखेत जाऊन विचारा आणि फोटो काढून पाठवायला सांगितलं तर मला लगेच कळवा. गणपतीला येईन तेव्हा सही करून टाकते.

तुमची,
बाय