शेजाऱ्यांना आधी विचारा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

पुण्यात एरंडवण्यातल्या आमच्या गल्लीत एक जुना बंगला आहे. तिथल्या आजी गेल्यापासून दोन वर्षं बंदच होता. मुलं परदेशात. आता तो भाड्याने गेलाय आणि तिथे रेस्टॉरंट होणार आहे : तळमजल्यावर भटारखाना, बागेत टेबलं, गच्चीवर बार. निवासी वापर बदलून व्यापारी करून मिळावा, असा अर्ज दाखल झाला आहे. आम्हाला हे कळलं ते बंगल्याच्या वॉचमनकडून. मग बावीस घरांनी सह्या करून हरकत दिली आणि येत्या गुरुवारी सुनावणी आहे. वॉचमन बोलला नसता, तर गच्चीवर दिवे लागल्यावरच आम्हाला कळलं असतं.

अर्जदाराचं म्हणणं असं, की गल्ली शहराच्या विकास आराखड्यात बारा मीटरची आहे, म्हणून हॉटेल चालतं. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीत निवासी विभागाचे आर-१ (अरुंद रस्त्यांचा) आणि आर-२ (रुंद रस्त्यांचा, जिथे व्यापारी वापराला जास्त मोकळीक) हे भाग रस्त्याच्या रुंदीवरून पडतात, हे खरं आहे. पण ही रुंदी नकाशावरची. मागच्या रविवारी आम्ही टेप घेऊन गल्ली मोजली. दोन्ही बाजूंचे फूटपाथ आणि त्यांना लागून उभ्या राहणाऱ्या आमच्याच गाड्या सोडल्या, तर मधे उरतात सव्वाचार मीटर. तेवढ्यातून अग्निशमन दलाचा बंब कसाबसा जाईल. रेस्टॉरंटच्या गाड्या दुसऱ्या रांगेत लागल्या, की तोही जाणार नाही.

बंबाची काळजी उगाच नाही. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी कुर्ल्यात एका हॉटेलात गॅसचा भडका उडून आठ जण गेले, त्यांत बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी होते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली आणि चौदा जीव गेले. दोन्ही वेळा तपासणी आणि कारवाईची धावपळ झाली ती माणसं गेल्यानंतर. गच्चीवर काय उभं राहतंय, सिलिंडर कुठे रचलेत, हे शेजारच्या खिडकीतून रोज दिसत असतं. त्या खिडकीतल्या माणसाला विचारण्याची पद्धतच आपल्याकडे नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेल आधीपासून आहे, त्यामुळे पुढे काय होतं ते आम्ही अनुभवलंय. त्यांच्या एक्झॉस्टचं तोंड साइड मार्जिनमध्ये, इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या खोलीसमोर. खिडकीच्या जाळीवर तेलाचा चिकट थर बसतो. दर शनिवारी गरम पाणी आणि सोड्याने मी तो घासून काढते, बुधवारपर्यंत तो पुन्हा आलेला असतो. तुळशीच्या पानाला बोट लावलं तर बोट तेलकट होतं. रात्री दीडच्या सुमारास रिकाम्या बाटल्यांची पोती टेम्पोत उपडी करतात. त्या आवाजाने सासूबाई दचकून उठतात आणि मग पहाटेपर्यंत त्यांना झोप नाही. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण रात्री दीड वाजता ते मोजायला कोण येणार?

आमचा हॉटेलांना विरोध नाही. रविवारची मिसळ आम्हीही बाहेरच खातो आणि वेटरच्या, आचाऱ्याच्या नोकरीची किंमत आम्हाला कळते. बंगल्याच्या मालकाने आपल्या जागेचं भाडं घेऊ नये, असंही कोणी म्हणत नाही. तिथे क्लिनिक आलं, वाचनालय आलं, तर आम्ही आनंदाने नारळ फोडायला जाऊ. पण निजायच्या खोलीपासून पंधरा फुटांवर मध्यरात्रीपर्यंत बार चालणार असेल, तर त्या खोलीत निजणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकायला हवं.

आणि ही काही जगावेगळी मागणी नाही. विकास आराखड्यात फेरबदल करायचा, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली नोटीस निघते, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते. दारूचं दुकान बंद करायला आपल्या राज्यात वॉर्डातल्या महिलांना मतदानाचा हक्क आहे; आडवी बाटली, उभी बाटली सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारनेच विधानसभेत सांगितलं, की सोसायटीच्या आवारात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायला सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल. मग एकट्या बंगल्याच्या शेजाऱ्याने काय करायचं? त्याची सोसायटी वेगळी, भिंत मात्र एकच.

म्हणून मागणी एवढीच. निवासी गल्लीत हॉटेल किंवा बारसाठी वापरबदलाचा अर्ज आला, की त्या जागेवर मोठ्या अक्षरांतला मराठी फलक लागावा आणि आजूबाजूच्या घरांना लेखी नोटीस जावी. सुनावणी परवानगीच्या आधी व्हावी, आणि ती संध्याकाळी, परिसरातल्याच एखाद्या शाळेत, म्हणजे नोकरदारांना रजा टाकावी लागणार नाही आणि म्हाताऱ्यांनाही येता येईल. अधिकाऱ्यांनी रस्त्याची रुंदी जागेवर येऊन मोजावी, रात्री नऊनंतर, गाड्या लागलेल्या असताना. एक्झॉस्टचं तोंड कुठे, सिलिंडर कुठे, कचऱ्याची गाडी किती वाजता, हे परवानगीच्या कागदावर लिहिलेलं असावं, म्हणजे पुढे तक्रार करताना दाखवायला काही हातात राहील.

गुरुवारी बावीस घरांतून निदान एकेक जण सुनावणीला जाणार आहे. सासूबाईंना जिना चढवत नाही, म्हणून त्यांचं म्हणणं मी लिहून घेतलंय. पाऊण पान झालं. वाचून दाखवलं, त्यांनी सही केली आणि विचारलं, "हे ते वाचतील ना गं?" गल्ली मोजल्याचा तक्ता आणि त्यांचं पत्र, दोन्हीच्या प्रती आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे.

आपली,
एरंडवण्यातील एक रहिवासी