सड्यावर झाडं लावण्याआधी खाली वाकून पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस स्थिरावला की कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट कातळमाळांवर, वृक्षलागवडीचे कार्यक्रम सुरू होतात आणि ‘ओसाड माळ हिरवा केला’ अशा बातम्या फोटोंसह छापून येतात. आपल्या दैनिकातही येतात. रत्नागिरी-राजापूरकडचा सडा जुलैत ओसाड नसतो, एवढंच सांगायला हे पत्र.

जांभ्यावरच्या बोटभर मातीत, तोकड्या गवतात त्या दिवसांत ऑफिओग्लॉसम उगवतं. हे नेचं (फर्न), पण नेच्यासारखं दिसत नाही. झालर नाही, गुंडाळलेला कोंब नाही. एकच साधं पान, पुष्कळदा नखाएवढंच, आणि त्याच्या बुडाशी फुटून सरळ वर आलेली बारीक काडी. काडीच्या टोकाला दोन ओळींत बीजाणूंच्या पिशव्या असतात. पिकल्या की पिवळसर होऊन आडव्या उकलतात. हे पाहायला गुडघे टेकावे लागतात, छत्रीचा नाद सोडून. पाऊस सरला की पान सुकतं आणि उरलेलं वर्ष झाड जमिनीखाली काढतं.

याच ऑफिओग्लॉसमच्या एका जातीत, ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटममध्ये, १२६० गुणसूत्रं मोजली गेली आहेत, माणसात ४६. आणि २०१८ साली जगातलं सर्वांत लहान भूचर नेचं म्हणून ज्याची नोंद झाली, ते सेंटिमीटरभर उंचीचं ऑफिओग्लॉसम आपल्या नाशिकला लागून असलेल्या डांग जिल्ह्यातलं.

सडा पोखरणाऱ्या चिरेखाणींबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंगाने फोडलेले खड्डे आणि ट्रकने ओतलेली माती, हेही डोळ्यांना दिसतं. वनीकरणाला मात्र कुणी नावं ठेवत नाही. या नेच्याला ऊन हवं, मोकळं रान हवं. गुरं चरून गवत आटोक्यात राहतं ते त्याच्या पथ्यावरच पडतं. वर अकेशियासारख्या लावलेल्या झाडांची सावली आणि पालापाचोळ्याचा थर आला की संपलं. उपटून दुसरीकडे लावू, हा उपायही भरवशाचा नाही. बीजाणूतून निघणारी पहिली अवस्था मातीखाली, अंधारात, बुरशीच्या आधाराने वाढते. ती बुरशी कुठून आणणार?

सातबाऱ्यावर ही जमीन ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, आणि पाहणी झालीच तर मे महिन्यात. तेव्हा तिथे तापलेल्या कातळाशिवाय काय दिसणार?

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतीत समिती असते, लोकजैवविविधता नोंदवही असते. जुलै-ऑगस्टमध्ये जाणकार वनस्पती-अभ्यासकाला सोबत घेऊन सडा पायाखाली घालावा आणि ही नेची त्या वहीत जागेसह चढवावीत. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. शिल्पांभोवतीचा सडा राखायचाच आहे, तर तिथे शोभेची बाग आणि लॉन न करता तो आहे तसा राहू द्यावा; नेच्यांसाठी वेगळा निधी लागणार नाही.

झाडं जरूर लावा. रस्त्यांच्या कडा आहेत, वहाळाचे काठ आहेत, उघडे पडलेले डोंगरउतार आहेत.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी