विद्यार्थिनींच्या सायकली बाजूनेही दिसाव्यात

महोदय,

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळणाऱ्या सायकलींमुळे मराठवाड्यातील अनेक मुलींचे आठवीनंतरचे शिक्षण सुटले नाही. मात्र डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि जादा तास करून निघालेल्या मुलींना ऐन ऊस वाहतुकीच्या दिवसांत अंधारातून घर गाठावे लागते.

मागचा रिफ्लेक्टर चमकतो तो मागून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश त्यावर पडला तरच. फाट्यावर आडव्या येणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला सायकल दिसते ती बहुधा त्याच्या प्रकाशझोतात शिरल्यावर, आणि तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते. ही उणीव लवचिक एलईडी पट्टी भरून काढू शकते. पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर तांब्याच्या वाहिन्या, त्यांवर ओळीने बारीक दिवे आणि वरून सिलिकॉनचे आवरण अशी तिची रचना असल्यामुळे ती लेडीज सायकलच्या वळणदार नळीवरही नीट बसते आणि बाजूने पाहणाऱ्याला सायकलची लांबी, दिशा लगेच कळते.

पट्टी बसवताना मात्र हयगय चालणार नाही. ती सपाट अंगानेच वाकते. पिळली किंवा कडेवर वाकवली की सोल्डरिंग तुटते. मागचा चिकट थर आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकणे अवघड, म्हणून ती सिलिकॉनच्या बंदांनी बांधावी. काळ्या मातीचा चिखल आणि पावसाचे पाणी लक्षात घेता धूळ व पाणी आत शिरू न देणारी, आयपी ६७ दर्जाचीच पट्टी घ्यावी आणि वायरचे सांधेही तितकेच बंदिस्त असावेत, कारण पाणी शिरते ते बहुतेक तिथूनच.

विजेची गरज अगदी थोडी आहे. एक वॅटच्या पट्टीला ३.७ व्होल्ट, २००० एमएएच क्षमतेची बॅटरी पाच-सहा तास पुरते. रोजच्या पाऊण तासाच्या अंधारातील प्रवासासाठी आठवड्यातून एकदा चार्जिंग केले तरी भागते. मात्र पट्टीचा प्रकाश चहूकडे पसरतो, त्याने रस्ता उजळत नाही; म्हणून समोरचा पांढरा आणि मागचा लाल दिवा स्वतंत्रपणे हवेतच.

छत्रपती संभाजीनगर येथील मानव विकास आयुक्तालयाने सायकलींच्या निधीतच या दिव्यांची तरतूद करावी आणि तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रशिक्षणार्थींकडून येत्या गाळप हंगामापूर्वी ते बसवून घ्यावेत, ही विनंती.

— एक माध्यमिक शिक्षक, जिंतूर, जि. परभणी