कलम बांधण्याआधी काडी तपासा : फलोत्पादन मंत्र्यांना खुले पत्र

मा. फलोत्पादन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

ऑगस्ट उजाडला की निफाड, दिंडोरीच्या शिवारात डॉगरिज जातीच्या खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) द्राक्षाची पाचर कलमे सुरू होतात. काडी कुठल्या बागेतून आणायची ते घड आणि मण्यांची लांबी बघून ठरते. त्या वेलीत लीफरोलचा, म्हणजे पाने वळवणाऱ्या रोगाचा, विषाणू आहे का, हे कुणी विचारत नाही. विचारले तरी सांगणारे कुणी नाही. आमची मागणी एकच आहे : काडी देणाऱ्या मातृवेलींची विषाणू चाचणी सक्तीची करा.

‘वेल जोमात आहे, मग रोग कसला?’ असे यावर हमखास ऐकू येते. जोमदार वेलीतही विषाणू का टिकतो, हे म्हणूनच सांगायला हवे. या रोगाचा मुख्य विषाणू लीफरोल-३ हा एकपदरी आरएनएचा (जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूचा) विषाणू. पेशीत स्वतःच्या प्रती काढताना त्याची आरएनए दुपदरी होते आणि तिथेच वेल त्याला ओळखते. डायसर नावाची विकरे (पेशीतल्या क्रिया घडवणारी प्रथिने) त्या दुपदरी आरएनएचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे पाडतात. आर्गोनॉट प्रथिन त्यातला एक पदर धरून ठेवते आणि त्याच्याशी जुळणारी विषाणूची आरएनए भेटली की कापते. आरडीआर हे विकर अशा तुकड्यांसाठी आणखी कच्चा माल पुरवते, आणि इशारा रसवाहिन्यांतून पुढच्या फुटव्यांपर्यंत जातो.

पण विषाणूही गप्प बसत नाही. पी१९.७ हे त्याचे प्रथिन हीच यंत्रणा दडपते. झुंज बरोबरीत अडकते : वेल मरत नाही, विषाणूही जात नाही. तो रसवाहिन्यांत ठाण मांडतो, पानातली साखर घडापर्यंत नीट पोहोचत नाही, गोडी उशिरा भरते. काळ्या जातींत हंगामाच्या शेवटी शिरा हिरव्या राहून मधले पान लाल होते आणि कडा खाली वळतात. थॉमसनसारख्या पांढऱ्या जातींत नुसता पिवळेपणा येतो. तो पालाश किंवा मॅग्नेशियमची कमतरता समजून लोक खते ओतत राहतात. ‘विषाणूनाशक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दल काय बोलावे! बसलेला विषाणू वेलीतून काढणारी फवारणी आज बाजारात नाही. त्या विक्रीवर कारवाई व्हावी, हेही जाता जाता.

हा विषाणू वेलीवेलीत पसरवणाऱ्या मिलीबगचा (रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणाचा) बंदोबस्त हवाच, पण त्याने प्रश्न सुटत नाही. नुकती बाहेर पडलेली पिल्ले तासाभराच्या शोषणातही विषाणू सोडू शकतात, औषधाचा परिणाम व्हायला त्याहून वेळ लागतो. आणि काडीतून आलेल्या विषाणूला तर मिलीबगचीही गरज नाही.

चाचणी सक्तीची करताना नमुन्याचे नियमही शासन निर्णयात लिहा. कोवळ्या शेंड्यात विषाणू इतका कमी असतो की अहवाल फसवा ‘निगेटिव्ह’ येतो. नमुना घ्यायचा तो काढणीच्या सुमारास, काडीच्या बुडाकडच्या जुन्या पानांच्या देठांचा; छाटणीनंतर घ्यायचा तर पिकलेल्या काडीची साल काढून आतला थर खरवडावा. विषाणू वेलीत सारखा पसरलेला नसतो, म्हणून चारही बाजूंच्या ओलांड्यांवरून (वेलीच्या आडव्या फांद्यांवरून) घ्यावा. द्राक्षातली पॉलिफेनॉल्स ही रसायने पीसीआरच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकाच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचणीच्या, विकरांना अडवतात आणि विषाणू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. तेव्हा वेलीच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची चाचणी त्याच नमुन्यावर झाली पाहिजे आणि तिचा निकाल अहवालात छापला पाहिजे. तो नसलेल्या ‘निगेटिव्ह’ला आम्ही काडीचीही किंमत देणार नाही.

बाधित पण मोलाच्या जातीचे काय? ती सोडायची गरज नाही. कुंडीतली रोपे काही आठवडे ३७-३८ अंशांवर ठेवली की विषाणूची वाढ मंदावते. मग ०.२ ते ०.५ मिलिमीटरचा शेंडा काढून ऊतीसंवर्धन करतात (प्रयोगशाळेत त्यापासून रोप वाढवतात), कारण शेंड्याच्या टोकाला रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात. तुकडा मोठा घेतला तर विषाणू सोबत येतो, फार लहान घेतला तर रोपच जगत नाही. तयार झालेले प्रत्येक रोप पुन्हा तपासावेच लागते.

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटींच्या स्वच्छ रोप कार्यक्रमाला मंजुरी दिली आहे आणि त्यात द्राक्षाचे केंद्र पुण्यात आहे. तिथली निरोगी काडी नाशिकला पुरेशी मिळेपर्यंत इथल्या बागा काही थांबणार नाहीत. तोवर जिल्ह्यात नमुने स्वीकारण्याची सोय करा, तपासलेल्या मातृवेलींना क्रमांक द्या आणि रोपवाटिकेच्या पावतीवर तो क्रमांक बंधनकारक करा. नमुने काढणीच्या वेळी घ्यायचे असल्याने ऑगस्टच्या कलमांसाठीचा आदेश डिसेंबरातच निघाला पाहिजे.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदार आणि रोपवाटिकाधारक