आत्याच्या गोळ्या आणि सात जिने

प्रिय संगीता,

परवा तुझा फोन आला तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितेय. आत्याची तब्येत विचारलीस ना, शुगर परत वाढलीय आणि पाय सुजलेत, पण माझ्या डोक्यात घोळतंय ते वेगळंच.

शालूमावशी आठवते तुला? आत्याबरोबर धुणीभांडी करायची ती. दोघी सत्तरीच्या पुढच्या, दोघींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500, दोघींना शुगर-बीपी. फरक एवढाच की मावशी अजून परळच्या चाळीत राहते आणि आत्याची झोपडी रस्ता रुंदीकरणात गेली, तिला गोवंडीला पुनर्वसनाच्या बिल्डिंगीत सातव्या मजल्यावर खोली मिळाली. मावशी जवळच्या केईएम हॉस्पिटलला चालत जाते, गोळ्या घेऊन दुपारी जेवायला घरी. आत्याचं मात्र लिफ्ट चालू आहे का इथपासून सुरू होतं. ती महिनोन्महिने बंदच, मेंटेनन्स भरणार कोण, सगळ्याच मजल्यांवर हातावर पोट असलेली माणसं. सात जिने उतरून गुडघे धरतात, मग रिक्षा नाहीतर बस, बेस्टचं कमीत कमी तिकीटही 2025 च्या मे महिन्यात 5 चं 10 झालं, मग केस पेपरची लाइन, तपासणीची लाइन, औषधाची लाइन आणि शेवटी एखादी गोळी बाहेरून घ्या म्हणतात.

आणि सोबतीला जाणार कोण? समोरची शबाना आत्याला स्वतःच्या आईसारखं जपते गं, पण तिचा एक खाडा झाला तर त्या दिवशी पोरं काय खाणार. घर गरीब असलं तरी आजूबाजूला कोणाला चार तास मोकळे असतात, कोणाकडे स्कूटर असते, तेवढ्यावर म्हातारं माणूस निभावून नेतं. इथे अख्खी वस्तीच तशी. मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात हा आपला गोवंडीचा एम पूर्व वॉर्ड सगळ्या वॉर्डांत तळाला होता.

मागच्या आठवड्यात बघितलं तर आत्या अडकित्त्याने शुगरची गोळी कापत होती, नीट मधोमध. अर्धी आज, अर्धी उद्या, म्हणजे स्ट्रिप जास्त दिवस पुरते आणि जिने उतरायला लागत नाहीत. डॉक्टरांना हे सांगितलेलंच नाही, त्यामुळे ते रिपोर्ट बघून डोस वाढवतात!

आता सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं 5 लाखांचं कव्हर आहे, 29 ऑक्टोबर 2024 पासून, उत्पन्न कितीही असो. तिचंही कार्ड काढलं. अंगठा काही केल्या लागेना, जन्मभर भांडी घासून रेषाच गेल्यात, शेवटी ओटीपीवर झालं. पण ते अ‍ॅडमिट झाल्यावरच कामाचं. पाय कापायची वेळ आली तर कार्ड चालेल, पाय वाचवणाऱ्या रोजच्या गोळ्यांना नाही, याचा मला भयंकर राग येतो. 2022 पासून पालिकेचे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले, तिथे तपासणी-औषध फुकट, आयडिया खरंच चांगली आहे, पण खाली रस्त्यावर येऊ शकणाऱ्यांसाठी.

मला वाटतं गोळ्या वर यायला हव्यात. पालिकेच्या आरोग्य सेविका पोलिओसाठी, टीबीसाठी दारोदार फिरतातच, मग महिन्यातून एकदा बीपी-शुगरच्या गोळ्या पोचवायला आणि प्रेशर मोजायला का नाही, अर्थात त्याचं वेगळं मानधन त्यांना मिळालंच पाहिजे, आधीच राबतात बिचाऱ्या. बिल्डिंगीत जिन्यामुळे अडकलेली म्हातारी माणसं कोणत्या खोलीत आहेत ते शबाना आणि मी लिहून काढतोय, वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचाय. तुझा अर्जाचा हात चांगला आहे, मसुदा तेवढा करून व्हॉट्सअ‍ॅप कर. लिफ्टचा मुद्दा सगळ्यात वर घे. सह्या मी रविवारी सगळे घरी असतात तेव्हा घेते.

तुझीच,
मनी