ओंकार लिडोला उतरणार म्हणतोय

प्रिय विन्या,

तुझ्या मेलांना उत्तर नाही, दिवाळीच्या मेसेजला नुसता अंगठा. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा होता तसाच, गोळ्या चालू.

लिहायचं कारण ओंकार. त्याचा फोन आला होता. जुलैत स्लोव्हेनियातल्या पोर्तोरोझहून सेसना १७२ (ते चार सीटचं छोटं विमान) घेऊन व्हेनिसला जायचंय, तीन मित्र बरोबर, आणि उतरायचंय लिडो बेटावरच्या निचेल्ली विमानतळावर. गवताची पट्टी आहे, माहीत आहे ना रे, असं विचारलं तर म्हणाला, "बाबा म्हणतात, गवताचं काय एवढं, आम्ही हडपसरला गवतावरच शिकलो." हे वाक्य तुझंच, शपथेवर सांगतो. म्हणून पत्र तुला. तो पोरगा आकडे दाखवले की ऐकतो. तू वाद घालतोस, आणि तुमच्या घरात शेवटी तुझंच चालतं (निदान शुभा घरात नसताना).

विन्या, हडपसरला आपल्याला विंच ओढत होता. ग्लायडर किती जड, गवत किती ओलं, याची फिकीर दोराच्या दुसऱ्या टोकाच्या इंजिनाला. इथे स्वतःच्या १८० हॉर्सपॉवरवर चार माणसं घेऊन गवतातून सुटायचंय. दोन्हींत फक्त हिरवा रंग सारखा.

आणि तुझा तो जुना सिद्धांत: गवत चाकांना धरतं, म्हणजे उतरताना फायदाच. अर्धाच खरा. टेक-ऑफला गवत चाकं धरतं आणि वेग वाढू देत नाही. उतरताना ओल्या गवतावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात, विमान घसरत राहतं. तोटा दोन्हीकडे. पुस्तकातल्या अंतराला वैमानिक ज्यांनी गुणतात ते गुणक असे: टेक-ऑफला कोरडं गवत १.२, ओलं १.३, लँडिंगला कोरडं १.१५, ओलं १.३५. अगदी आखूड कापलेलं गवत ओलं असेल तर लँडिंगला १.६ सुद्धा. यावर सुरक्षिततेचा गुणक वेगळा, टेक-ऑफला १.३३ आणि लँडिंगला १.४३. सगळे एकमेकांशी गुणायचे, बेरीज करायची नाही.

आता पेन घे. १७२ एस, पूर्ण वजन ११५७ किलो, समुद्रसपाटी, ३० अंश, वारा नाही. विमानाच्या पुस्तकातलं शॉर्ट-फील्ड (आखूड पट्टीच्या पद्धतीच्या) टेक-ऑफचं अंतर, ५० फूट उंची गाठेपर्यंत, सुमारे ५५० मीटर. तेही कोरड्या पक्क्या पट्टीवर, नव्या विमानात, कसलेल्या वैमानिकाचं. कोरड्या गवताला ६६०, सुरक्षिततेसह ८८०. ओलं असेल तर सुरक्षिततेसह साडेनऊशे. निचेल्लीची पट्टी आहे साधारण एक किलोमीटर, आणि टेक-ऑफसाठी जाहीर केलेली लांबी पूर्ण पट्टीइतकीच असते असं नाही, ती चालू चार्टवर बघायची. लँडिंगचे ४२० मीटर ओल्या गवताला ५७०, सुरक्षिततेसह आठशेच्या थोडं वर. म्हणजे हा गडी आरामात उतरेल, आईस्क्रीम खाईल, फोटो काढेल आणि दुपारी निघताना अडकू शकेल. पोर्तोरोझला १२०० मीटर डांबर आहे, तिथे ही वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नाही.

वजनाचं तर विचारूच नकोस. त्या विमानात माणसं, सामान, इंधन मिळून ३८० किलोच्या आसपास मावतं. चार जण ऐंशी-ऐंशीचे धरले की ३२० गेले. (ओंकारचा तो नागपूरचा मित्र ऐंशीचा नाही, लग्नात पाहिलाय मी त्याला.) उरले ६०, म्हणजे शून्य सामानासह ८० लिटरच्या थोडं वर. टाक्या भरल्या तर नुसतं इंधनच १४४ किलो, सरळ ८० किलो जास्त. किनाऱ्याकिनाऱ्याने एका बाजूला पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, तासाला ३५ लिटर, दिवसाच्या उड्डाणाला ३० मिनिटांचा राखीव साठा, टॅक्सी आणि वाट बघण्याचं थोडं. जाऊन-येऊन ८५ ते ९० लिटर होतात. चौघं बसत नाहीत, विषय संपला. तिघं जा, चौथ्याला ट्रेनने पाठवा. 'लिडोला भरून घेऊ' या भरवशावर तर निघायचंच नाही. आधी फोन करून इंधन आहे का, पट्टी किती ओली आहे, किती वाजता बंद होते, हे विचारायचं.

किनाऱ्याने का, तेही तो विचारेल, कारण सरळ समुद्रावरून अंतर कमी. इंजिन बंद पडलं तर १७२ दर हजार फुटाला दीड नॉटिकल मैल तरंगत जाते. तीन हजार फुटांवरून साडेचार, म्हणजे आठ किलोमीटर. मधल्या पट्ट्यात दोन्ही किनारे त्याहून दूर. म्हणून ग्राडो, काओर्ले, येझोलो असं जायचं. लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही, आणि फुगवायचं ते बाहेर पडल्यावर. आत फुगवलं तर माणूस छताला चिकटतो आणि दार सापडत नाही. पाण्याला टेकण्याआधी दारं उघडून ठेवायची. हे मित्रांना जमिनीवर सांगायचं, हवेत नाही.

वाऱ्याचं मात्र मनावर घे. पट्टी आहे ०५/२३, ईशान्य-नैर्ऋत्य. बोरा ईशान्येचा, तो नाकावर येतो, झोंबला तरी सोयीचा. पण उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा येतो तो आग्नेयेचा, आणि सिरोको सुटला तर तोही तिकडूनच. म्हणजे पट्टीला जवळजवळ काटकोनात. या विमानासाठी दाखवलेला क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, १५ नॉट. पुस्तकात १५ म्हणजे ओंकारला १०. सकाळी लवकर पोहोचायचं आणि निघायचं तेही थंडाव्यात, हवा जड आणि वारा पडलेला असताना. दर दहा अंश तापमानाला दहा टक्के अंतर वाढतं, हा हिशेब तरी तुला आवडेल.

निघताना काय करायचं ते त्याला पाठ करायला लाव. आधी पट्टी पायी चालून बघायची: खड्डे, मऊ जागा, गवताची उंची. रनअप (निघण्याआधी इंजिन चढवून तपासणं) खडीवर करायचा नाही, प्रोपेलर दगड उचलून स्वतःलाच मारून घेतो. पंखांचे फ्लॅप दहा अंश, योक (हातातलं सुकाणू) पूर्ण मागे, पट्टीवर वळल्यावर थांबायचं नाही, थांबलं की चाकं रुततात. नाकाचं चाक हलकं झालं की योक थोडा ढिला. विमान लवकर सुटेल, पण लगेच वर खेचायचं नाही; जमिनीजवळ धरून वेग घ्यायचा, मग चढायचं. आणि अर्ध्या पट्टीपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के, म्हणजे ३८-३९ नॉट, आले नाहीत तर पॉवर बंद. त्या अर्ध्या जागेची खूण आधी शोधून ठेवायची. याच बाबतीत तो तुझ्यावर गेलाय, 'अजून थोडं बघू' करणारा. तिथे पुढे पाणी आहे रे.

मार्को पोलो विमानतळ तेस्सेराला, जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर. सगळं नियंत्रित आकाश, परवानगीशिवाय आत शिरायचं नाही, आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकावर गिरक्या मारायच्या नाहीत. सीमा ओलांडतोय म्हणून फ्लाइट प्लॅन लागणार. उतरल्यावर तो बंद झालाय याची खात्री करायची, नाहीतर शोधपथक याला शोधत असतं आणि हा पिझ्झा खात असतो.

इतिहासावरून वाद घालायचा असेल तर घे, खाद्य देतो. पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी विमानं होती. जोव्हान्नी निचेल्ली त्या युद्धातला वैमानिक, आठ विमानं पाडलेला, ५ मे १९१८ला अपघातात गेला. इटालियन कवी दान्नुन्झिओ व्हिएन्नावर पत्रकं टाकायला इथून उडाला असं तू त्या रात्री कर्वे रोडवर ठासून सांगत होतास. नाही. ९ ऑगस्ट १९१८, सान पेलाजो, पादोवाजवळ. वीस वर्षं झाली तरी सांगणारच. व्हिएन्नाचा खरा संबंध नंतरचा: १९२६मध्ये ट्रान्सआद्रियातिका कंपनीने इथून व्हिएन्नाला प्रवासी विमान सुरू केलं, युंकर्स एफ १३, पन्हाळी पत्र्याचं, चार प्रवासी. १४ जून १९३४ला हिटलर इथे उतरला, साध्या कपड्यांत, आणि मुसोलिनी पूर्ण गणवेशात स्वागताला. ती देखणी टर्मिनल इमारत मात्र १९३५ची, म्हणजे तो तिच्यातून गेला नाही. तिच्यासाठी तरी ओंकारला थोडा वेळ काढायला सांग. आतून बघण्यासारखी आहे.

जेट आल्यावर बेटावर पट्टी वाढवायला जागा कुठे? साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्रवासी वाहतूक तेस्सेराला गेली. गवत वाचलं ते त्यामुळेच, असं माझं मत. आता तिथे क्लबची आणि खासगी छोटी विमानं, शिकणारी मुलं, हेलिकॉप्टर, शहर दाखवणाऱ्या फेऱ्या, इमारतीत कार्यक्रम. अशा जागा वापरल्या तरच टिकतात, म्हणून ओंकारने जावं असंच मला वाटतं. माझा विरोध जुलै, दुपार आणि चार माणसं या तिन्हींच्या बेरजेला आहे. सप्टेंबरात तिघं सकाळी गेले तर मी स्वतः लिडोला पट्टीच्या कडेला उभा राहीन.

आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं काय, सही केलीस की अजून सगळ्यांना टांगून ठेवलंयस? शुभाला नव्या नोकरीबद्दल अभिनंदन, तिला वेगळं लिहितो.

ओंकारला त्या विमानाच्या वजनपत्रकाचा फोटो पाठवायला सांग, आणि चौघांची खरी वजनं, बुटांसकट. नागपूरकराचं त्याने स्वतः सांगितलेलं चालणार नाही.

तुझा,
मध्या