शस्त्रतपासणी : हिशेब कुठे अडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्रनिरीक्षक म्हणजे नुसती बुजगावणी, इराकमध्ये त्यांना काही मिळालं नाही आणि उत्तर कोरियाने त्यांच्या नाकावर टिच्चून बॉम्ब बनवला, असा सूर आपल्या पत्रव्यवहारात अलीकडे ऐकू येतो. ही समजूत घातक आहे, म्हणून हे पत्र.

इराकमध्ये १९९१ ते १९९८ दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या ‘अन्स्कॉम’ पथकाने ३८ हजारांहून जास्त रासायनिक अस्त्रं आणि सुमारे ६९० टन विषारी द्रव्य नष्ट करवून घेतलं. सरकारचा विरोध असतानाच हे घडलं. जून १९९१ मध्ये युरेनियम वेगळं करायची यंत्रं ट्रकवर लादून पळवली जात होती आणि त्यांचे फोटो काढणाऱ्या निरीक्षकांच्या डोक्यावरून गोळ्या झाडल्या गेल्या.

जैविक शस्त्रं आम्ही कधी बनवलीच नाहीत, असं इराक चार वर्षं सांगत राहिला. तो अडकला आयातीच्या कागदांत. जिवाणू वाढवण्यासाठी लागणारं पोषक माध्यम त्याने एकट्या १९८८ मध्ये सुमारे ३९ टन मागवलं होतं. देशभरच्या इस्पितळांची वर्षाची गरज २०० किलोंच्याही आत. शिवाय इस्पितळं हा माल फार तर किलोभराच्या डब्यांत घेतात, कारण झाकण उघडलं की तो ओल धरतो आणि वाया जातो. इराकने २५ ते १०० किलोंची पिंपं घेतली होती. त्यातल्या १७ टनांचा पत्ता लागेना. अखेर जुलै १९९५ मध्ये कबुली द्यावी लागली आणि पशुखाद्याचा कारखाना म्हणून दाखवलेलं अल हकम पुढच्या वर्षी निरीक्षकांच्या देखरेखीखाली जमीनदोस्त झालं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांत काम करणाऱ्या कुणालाही ही रीत ओळखीची वाटेल. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा वापर, वजा सांडपाण्यात आणि गाळात गेलेलं, वजा शिल्लक; उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. लॉगबुक खोटं लिहिता येतं. पण गेटवरच्या वजनकाट्याच्या पावत्या, स्क्रबरला (धुरातले विषारी वायू धुणाऱ्या यंत्राला) लागलेला कॉस्टिक सोडा, विजेचं बिल आणि ईटीपीतला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला) गाळ या सगळ्यांना एकाच खोट्याशी जुळवणं महाकठीण. कीटकनाशकं आणि औषधांसाठी लागणारं, पण रासायनिक अस्त्रांतही वापरता येणारं थायोनिल क्लोराइड किंवा फॉस्फरस ट्रायक्लोराइड वर्षाला ३० टनांहून जास्त बनवणाऱ्याला रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार ते जाहीर करावं लागतं, ते याच हिशेबापायी.

हिशेब अडतो तो माल गुपचूप नष्ट केल्यावर. इराकने १९९१ च्या उन्हाळ्यात बराच साठा परस्पर नष्ट केला आणि धड नोंदी ठेवल्या नाहीत. त्यामुळे २००३ मध्ये निरीक्षकांना अल अझीझियाला जमीन उकरून जैविक द्रव्य भरायच्या जुन्या आर-४०० बॉम्बचे तुकडे मोजावे लागले. जाहीर केलेल्या १५७ पैकी १२८ बॉम्बचा हिशेब लागला. उरलेल्यांसाठी वेळ हवा होता. १९९८ मध्ये थांबलेली तपासणी पुन्हा सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच अमेरिकेच्या हल्ल्याच्या तोंडावर १८ मार्चला निरीक्षकांना बाहेर काढावं लागलं. साठे नव्हतेच, हे युद्धानंतर उघड झालं. त्याआधी अमेरिकेने अन्स्कॉमचा वापर हेरगिरीसाठी केल्याचं १९९९ मध्ये बाहेर आलं, त्यानेही या कामाचं अतोनात नुकसान केलं.

उत्तर कोरियाचं खोटं तर काही ग्रॅमवरून पकडलं गेलं. एकदाच, साधारण ९० ग्रॅम प्लुटोनियम (अणुबॉम्बचं इंधन) वेगळं केलं, असं त्याने १९९२ मध्ये सांगितलं. प्लुटोनियम वेगळं केल्यापासून त्यात अमेरिशियम साचत जातं, त्यावरून त्याचं वय कळतं. नमुन्यांची वयं वेगवेगळी निघाली, म्हणजे हे काम अनेकदा झालं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कचऱ्याच्या दोन जागा पाहायची मागणी केली आणि उत्तर कोरियाने १९९३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याचीच घोषणा केली. निरीक्षकांकडून काही सुटलं नव्हतं. पुरावा हातात असताना सुरक्षा परिषदेने कच खाल्ली. २००६ मध्ये पहिली अणुचाचणी झाली.

सीरियाचंही तेच. २०१३ मध्ये जाहीर केलेली सुमारे १,३०० टन रसायनं देशाबाहेर गेली. यादीतल्या त्रुटींवर निरीक्षक २०१४ पासून बोट ठेवत होते, तरी एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या खान शेखून गावावर सरीन हे विषारी रसायन पडलं.

वर सांगितलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारात ‘चॅलेंज इन्स्पेक्शन’ची सोय आहे. कोणताही सदस्य देश दुसऱ्याच्या हद्दीतली कोणतीही जागा तपासायला सांगू शकतो. पथक येण्याआधी १२ तासांची सूचना पुरते आणि त्या देशाला नाही म्हणता येत नाही. ही तपासणी थांबवायला करार राबवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारी परिषदेत तीन चतुर्थांश मतं लागतात. करार १९९७ मध्ये लागू झाला. तेव्हापासून एकाही देशाने ही तरतूद वापरलेली नाही. भारताने स्वतःचा १,०४४ टन मस्टर्ड या रासायनिक अस्त्राचा साठा जाहीर करून २००९ मध्ये तो संपवला. ही तपासणी मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याइतका फार थोड्या देशांकडे आहे. पुढचा संशय येईल तेव्हा आपल्या परराष्ट्र खात्याने ती लेखी मागावी.

– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई